घाटातली ताकद जनरल डब्यालाही द्या

वंदे भारतचं नाव निघालं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, किती वेगानं पळते? मला तिची खरी कमाई घाटात दिसते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई–सोलापूर आणि मुंबई–शिर्डी गाड्या सुरू झाल्या. त्याआधी बोरघाटात (कर्जत–लोणावळा) आणि थळघाटात (कसारा–इगतपुरी) त्यांच्या चाचण्या झाल्या. तिथे ३७ मीटर पुढे गेलं की रूळ १ मीटर वर चढतो. रेल्वेसाठी हा चढ फार उभा, तरी गाडी मागून इंजिन न लावता चढली!

मुंबईहून विदर्भ एक्सप्रेसनं नागपूरला येणाऱ्यांना कसारा पाठ असतं. गाडी थांबते, मागच्या डब्यांना दणका बसतो, कोणीतरी म्हणतं, "बँकर लागले," म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं. मग इगतपुरीपर्यंत पुढचं इंजिन ओढतं आणि मागची ढकलतात. सगळी ताकद पुढच्याच इंजिनात असली की ओल्या रुळावर चाकं घसरतात, आणि अख्ख्या गाडीचा भार डबे जोडणाऱ्या कपलिंगांवर येतो. वंदे भारतमध्ये निम्म्या डब्यांखाली मोटारी आहेत. ताकद गाडीभर वाटलेली, म्हणून रुळावरची पकड टिकते.

उतरणं तर चढण्याहून जोखमीचं. उतारावर याच मोटारी वीज तयार करतात, त्यातून गाडीचा वेग आवरला जातो आणि वीज वरच्या तारेत परत जाते. नवी इंजिनंही हे करतात, पण इथे ते काम गाडीभर होतं. शिवाय उभी गाडी घाटात मागे सरकू नये म्हणून पार्किंग ब्रेक आहेत.

मग हे सगळं फक्त एसी तिकिटवाल्यांसाठी का? डब्याखाली मोटारी ही काही चैनीची वस्तू नाही. मुंबईची लोकल आणि आपली जवळच्या पल्ल्याची विजेवरची मेमू गाडी वर्षानुवर्षं त्यावरच धावतात. दोन्ही टोकांना इंजिन असलेली बिनएसी अमृत भारत आली, तिचं मनापासून स्वागत आहे. पण स्लीपर आणि जनरल डब्यांखाली मोटारी असलेली लांब पल्ल्याची गाडी मला हवी आहे. सणासुदीला जनरलच्या दारात एका पायावर उभं राहून मुंबईहून येणारा विदर्भातला पोरगाही याच घाटातून येतो ना!

रेल्वेनं अशी गाडी बनवावी आणि पहिली नागपूर–मुंबई मार्गावरच द्यावी. थळघाट वाटेतच आहे, चाचणीसाठी दुसरा घाट शोधायला नको.