सुटलेलं हाड

रत्नागिरीच्या मत्स्यालयात ५५ फुटी देवमाशाचा सांगाडा आहे. तो बघून आलेल्या प्रत्येक गावाला वाटतं, आपल्याकडेही असा एक हवा. आमच्या किनाऱ्याला देवमासा लागला तेव्हा हेच झालं. १९७२च्या वन्यजीव कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. मेल्यावरही हात लावायचा तर परवानगी हवी. पंचनामा झाला, जेसीबीने त्याला वाळूत पुरलं, मांस झडल्यावर हाडं वर आली आणि गावच्या ग्रुपवर मेसेज पडला, 'जोडणीसाठी स्वयंसेवक हवेत.' माझ्या फोनवरून अंगठा बायकोने दाखवला. रविवारी मी घरात नसलेला तिला बरा वाटतो.

हे मत तिने लवकरच बदललं. देवमाशाच्या हाडात तेल मुरलेलं असतं आणि ते पुरून, धुऊन, उन्हात घालूनही संपत नाही. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या संग्रहालयात एका निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलाय. १९९८ साली मेलेला तो प्राणी नंतर कित्येक वर्षं तेल ठिबकत राहिला. शेवटी त्यांनी खाली भांडंच लावलं. आमच्याकडे खाली मी होतो.

वास कसा? उन्हात विसरलेल्या सुकटीवर कुणी रॉकेल ओतावं तसा. एकदा तसाच एसटीत चढलो. शेजारच्या मावशींच्या मांडीवर बांगड्यांची पाटी, जन्म मासळीबाजारात गेलेला. त्यांनीही नाकाला पदर लावला. "झिला, खय गेल्लंस रे?" एवढंच विचारलं आणि खिडकी उघडली.

जोडणीच्या कामावर तिघांची हुकमत होती. प्राणिशास्त्राच्या बाई, ज्यांना सगळं माहीत होतं. वेल्डर, ज्याला लोखंडाचा कणा वाकवायचा होता. आणि निवृत्त हेडमास्तर, ज्यांना फक्त मतं होती. मणके पन्नासाच्या वर. हेडमास्तरांनी प्रत्येकावर खडूने नंबर घातले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही ते नंबर अमोनियाच्या पाण्यात हाडांसकट स्वच्छ धुतले. मानेचे मणके तेवढे चटकन ओळखले. माणसाला सात, जिराफाला सात, याला सात. फक्त याचे इतके चपटे की मान आहे हेच कळू नये.

मग पर. त्यात दंडाचं हाड, मनगट, बोटं, सगळं आपल्यासारखं निघालं. बोटं मात्र चार. "पाचवं कुत्र्याने पळवलं," हेडमास्तरांनी निकाल दिला आणि दोन पोरांना फावडी देऊन वाळूत पाठवलं. या जातीला चारच असतात, हे बाई सांगेपर्यंत किनाऱ्यावर विहीर होत आली होती.

त्या विहिरीमुळे नवीनच ताप. आम्ही 'उलटी' शोधतोय अशी बातमी पसरली. देवमाशाच्या उलटीपायी पकडलेल्यांचे फोटो पेपरात येतात, तरी संध्याकाळी अनोळखी माणसं येऊन सहज विचारल्यासारखं विचारू लागली, "काही पिवळं-बिवळं सापडलं का?" ही उलटी, म्हणजे अंबरग्रीस, स्पर्म व्हेल या दातवाल्या देवमाशाच्या पोटात तयार होते, आमचा बिचारा बिनदाती, झालरीने पाणी गाळून खाणारा, हे मी इतक्यांदा सांगितलं की माझाच कुणाला तरी संशय आला असावा. बीटचे हवालदार दोनदा चहाला येऊन गेले.

शेवटी सांगाडा उभा राहिला आणि वेल्डरने हातातली दोन छोटी हाडं पुढे केली. "सर, ही उरली." हेडमास्तरांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. पण बाई शांत. ही कमरेची हाडं. पूर्वज जमिनीवर चालायचे तेव्हाची. पाय गेले, ही राहिली. कण्याला कुठेच जोडलेली नसतात, नुसती मांसात असतात. म्हणजे बारीक तारेने हवेत लोंबकळत ठेवायची.

"लोक म्हणतील, बसवायला विसरले," हेडमास्तर म्हणाले. म्हणून त्यांच्याच अक्षरात पाटी लावली : 'ही हाडे अशीच असतात.' तरी दर रविवारी एखादे गृहस्थ पाटी पूर्ण वाचतात, वर बघतात आणि मला खांबाआड घेऊन हळूच सांगतात, "राग मानू नका, पण तुमचं एक हाड सुटलंय हो."