नवी आवृत्ती आली? तपासत कसले बसताय!

लिनक्स डेस्कटॉपची नवी आवृत्ती जाहीर झाली की त्याच रात्री अपग्रेड करावं. थांबणारे लोक भित्रे असतात. लिनक्सचाच एक संच, उबुंटू पाहा. एका एलटीएसवरून (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणाऱ्या आवृत्तीवरून) पुढच्या एलटीएसवर जायचं आमंत्रण तो पहिली दुरुस्ती-आवृत्ती निघेपर्यंत देतच नाही. २४.०४ आली एप्रिल २०२४ मध्ये, २४.०४.१ आली ऑगस्ट सरता सरता. मधले चार महिने इतरांना सापडलेल्या चुका निस्तरण्यात जातात, म्हणजे सगळी मजा त्यांनाच. तुम्ही 'डू-रिलीज-अपग्रेड' या अपग्रेडच्या आज्ञेला '-डी' जोडा, दार लगेच उघडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे सादरीकरण असेल तर मुहूर्त उत्तमच.

एकच पथ्य मात्र काटेकोर पाळा: आज यंत्र कसं चालतंय, याची कुठेही नोंद ठेवू नका. 'युनेम -आर'नं कळणारी कर्नलची (प्रणालीच्या गाभ्याची) आवृत्ती, 'एलएसपीसीआय -के'नं दिसणारं कोणत्या भागाला कोणता ड्रायव्हर हे कोष्टक, 'सिस्टमसीटीएल --फेल्ड'मध्ये आजच बंद पडलेल्या सेवा (पडद्यामागे चालणारे प्रोग्राम), बूट व्हायला लागणारा वेळ, बाहेरच्या रिपॉझिटरींची (पॅकेजांच्या साठ्यांची) यादी: हे सगळं एका फाइलीत साठवायला दहा मिनिटं पुरतात, आणि तीच दहा मिनिटं घात करतात. कारण उद्या ती फाइल शेजारी ठेवली की 'ही सेवा तर आधीपासूनच पडत होती' असं निष्पन्न होतं आणि रागावायला कोणी उरत नाही. नोंदच नसेल तर जुना बिघाड नव्या आवृत्तीच्या माथी मारता येतो, आणि तिनं खरोखर केलेला बिघाड 'असंच होतं वाटतं' म्हणून सोडून देता येतो.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे काही न बसवता, आधी चालवून बघा, असं सांगणारे भेटतीलच. त्यांचं मन राखा. प्रतिमा (आयएसओ फाइल) उतरवा, ती शाबूत उतरली का हे सांगणारी शा-२५६ बेरीज जुळवण्याच्या फंदात पडू नका, बूट करा, नवा वॉलपेपर डोळे भरून पाहा आणि बंद करा. वायफाय जोडू नका. मायक्रोफोन, ब्लूटूथ हेडफोन, बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर यांना हातही लावू नका. लॅपटॉपचं झाकण मिटून पुन्हा उघडण्याचा प्रयोग तर कटाक्षानं टाळा. झोपलेलं यंत्र नीट जागं न होणं हा नव्या कर्नलबरोबर कधीकधी येणारा प्रकार, तो आधीच कळला तर उत्सुकता काय राहिली? एनव्हिडियाचं कार्ड असेल तर आणखी सोय. लाइव्हमध्ये बहुधा नूवो हा मुक्त ड्रायव्हर चालतो, अपग्रेडनंतर चालणार एनव्हिडियाचा स्वतःचा. एकाची परीक्षा घ्यायची आणि दुसऱ्याला पास करायचं. याहूनही खात्रीशीर निकाल हवा असेल तर आभासी यंत्रात (संगणकातल्या नकली संगणकात) तपासा. तिथे ग्राफिक्स आभासी, नेटवर्क आभासी, वायफायचा तर प्रश्नच नाही. सगळं पहिल्या फटक्यात उत्तीर्ण.

बॅकअप? प्रणालीची प्रत काढणारा टाइमशिफ्ट आहे ना. तो मूळ मांडणीत होम फोल्डर वगळतो, म्हणजे तुमच्या फाइली सोडून बाकी सगळं सुरक्षित. प्रत त्याच डिस्कवर ठेवा, आणि त्यातून एखादी फाइल परत काढून बघण्याचा अविश्वास दाखवू नका.

आता '/बूट', म्हणजे कर्नल जिथे राहतात ती जागा. वेगळं विभाजन असेल आणि ते ५१२ एमबीचं असेल तर त्यात जुने कर्नल साठू द्या. कर्नलसोबत बूट होताना लागणारा एकेक इनिटरॅमएफएस आजकाल सहज शंभर एमबीपुढे जातो. नव्याची बांधणी सुरू होईल, जागा संपेल आणि पॅकेजं बसवणारा डीपीकेजी नेमका मधोमध थांबेल: अर्धी पॅकेजं नवी, अर्धी जुनी, आणि अपूर्ण इनिटरॅमएफएसचा कर्नल बूट-मेनूत सर्वांत वर. आधी 'डीएफ -एच' मारून जागा पाहिली आणि 'ऑटोरिमूव्ह'नं जुने कर्नल काढले असते तर हा प्रसंग हुकला असता.

डेबियन हा दुसरा संच वापरणाऱ्यांनी निराश होऊ नये. बाराव्या आवृत्तीपासून फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' या स्वतंत्र विभागात गेलं. पॅकेजं कुठून घ्यायची त्या सोर्सेस यादीत तो शब्द घालू नका. कर्नल नवा होईल, वायफायचं फर्मवेअर जुन्याच आवृत्तीवर बसून राहील, आणि नव्या कर्नलनं नवी फाइल मागितली तर ती उतरवायला नेट लागेल, जे त्या वायफायवरूनच येणार होतं.

प्रत्यक्ष अपग्रेड डेस्कटॉपमधल्याच टर्मिनल-खिडकीत चालवा, म्हणजे डेस्कटॉप मध्येच कोसळला तर खिडकीही सोबत जाते. खिडकी गेली तरी काम चालू ठेवणाऱ्या टीमक्समध्ये किंवा मजकुरी कन्सोलवर चालवणाऱ्यांना हा थरार मिळत नाही. चार्जर काढून ठेवा. फेडोरा या तिसऱ्या संचानं या बाबतीत घोर निराशा केली आहे: आधी सगळी पॅकेजं उतरवून घेतो आणि मग रीबूट करून, डेस्कटॉप चालू नसताना बसवतो. मध्ये लुडबुड करायला वावच नाही.

मधूनमधून प्रश्न येईल: तुम्ही बदललेली सेटिंग-फाइल जुनी ठेवू की नवी घेऊ? 'डी' दाबलं तर दोन्हींतला फरक दिसतो. ती कळ विसरा. प्रत्येक वेळी एन्टर ठोका. जुनी राहते आणि नवी '.डीपीकेजी-डिस्ट' शेपटी लावून शेजारी पडून राहते. त्या फाइली नंतर शोधायच्या नसतात. एखादी सेवा जुना पर्याय न ओळखल्यानं सुरूच झाली नाही, तर ती आपोआप सुधारेल.

रीबूट. लॉगिनची पाटी दिसली? अपग्रेड यशस्वी, जाहीर करून टाका. सेक्युअर बूट (फक्त ओळखीच्या सहीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असेल आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर डीकेएमएसनं यंत्रावरच बांधला असेल, तर त्याआधी निळ्या पडद्यावर एमओके (तुमच्या सहीची किल्ली) नोंदवण्याची विचारणा येऊ शकते. दहा सेकंद काही दाबलं नाही की ती निघून जाते. जाऊ द्या. मग सही ओळखीची नसल्यानं कर्नल तो ड्रायव्हर नाकारतो, खिडक्या अडखळत सरकतात आणि 'नवा डेस्कटॉप फार जड झालाय' हे मत मांडायला तुम्ही मोकळे. मेनूतून विंडोज गायब? बूट-मेनू दाखवणाऱ्या ग्रबमध्ये २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर मुळात बंद असतो. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब'मध्ये एक ओळ घालून 'अपडेट-ग्रब' चालवलं की ते परत येतं, पण त्याआधी निदान तासभर तरी विंडोज पुसलं गेल्याचा शोक करावा.

नोम या डेस्कटॉपची एक्स्टेन्शनं (जोडपुरवण्या) रुसली तर जुना गावठी उपाय करा: 'मेटाडेटा.जेसन'मध्ये नव्या आवृत्तीचा आकडा लिहा. पूर्वी हे कधीमधी चालायचंही. नोम ४५ पासून (सप्टेंबर २०२३) एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली, ईएस मोड्यूल आले, त्यामुळे त्याआधीचं एक्स्टेन्शन आकडा बदलून चालणं शक्यच नाही. तरी लिहाच, पी हळद अन् हो गोरी.

सत्र पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या जुन्या एक्स११चं होतं की नव्या वेलँडचं, हे आधी पाहिलं नव्हतंत, ते फार छान केलंत. उबुंटू २५.१० मध्ये नोमचं एक्स११ सत्रच उरलेलं नाही. एक्सडूटूल आणि एक्समोडमॅप या एक्स११च्या अवजारांवर उभ्या असलेल्या तुमच्या स्क्रिप्टा मुकाट होतील, स्क्रीन शेअर करताना वेगळीच परवानगी विचारली जाईल, आणि कारण शोधताना तुम्ही कीबोर्ड बदलाल.

उबुंटू २४.०४ वर क्रोमियमच्या पायावरचा एखादा ब्राउझर अ‍ॅपइमेज (एकाच फाइलीतलं अ‍ॅप) म्हणून चालवला तर सँडबॉक्सची, म्हणजे त्याला बाकी यंत्रापासून वेगळं ठेवणाऱ्या कुंपणाची, तक्रार करून मरतो, कारण ते कुंपण ज्यावर उभं असतं त्या साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर सुरक्षा-रखवालदार अ‍ॅपआर्मरनं बंधन घातलं आहे. त्या एका प्रोग्रामपुरती प्रोफाइल लिहिता येते. तुम्ही '--नो-सँडबॉक्स' लावा आणि त्याच ब्राउझरात बँकेचं खातं उघडा. पायथन ३.१० चं ३.१२ झालं की व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंटं (प्रकल्पागणिक वेगळे पॅकेज-संच) मोडतात, ती नव्यानं बांधावी लागतात. त्यासाठी 'पिप फ्रीज'नं दिलेली पॅकेजांची यादी आधी काढलेली हवी. आपलं पथ्य तुम्ही नीट पाळलंय, तेव्हा ती नाहीच.

आता यंत्राच्या नोंदींतल्या चुका दाखवणारी 'जर्नलसीटीएल -बी -पी ३' चालवा. लाल ओळींची रांग लागेल. त्यांतल्या बऱ्याच निरुपद्रवी आणि कैक महिन्यांपासूनच्या असतात, एखाददुसरी आजची. आदल्या दिवशीची प्रत असती तर दोन फाइलींतला फरक दाखवणाऱ्या डिफनं क्षणात वेगळी केली असती. तुम्ही सगळ्यांचाच धसका घ्या.

मग जागा मोकळी करायच्या निमित्तानं जुने कर्नल हातानं उडवा आणि बग नोंदवायला बसा. मथळा: 'अपग्रेडनंतर काहीच चालत नाही, तातडीचं'. आवृत्ती, यंत्राचं नाव, लॉग काही जोडू नका. दोनेक दिवसांत कोणीतरी शांतपणे विचारेल, 'जुन्या कर्नलनं बूट केल्यावरही असंच होतं का?'