बंपर काळा करा, तेलकट नको!

जालना घ्या की परभणी, गाडीच्या पांढरट पडलेल्या काळ्या प्लास्टिक बंपरवर वॉशिंग सेंटरवाले तेच सिलिकॉनचं पॉलिश फासतात! धूळ चिकटते, पहिल्याच पावसात ओघळ येतात. अहो, उन्हानं प्लास्टिकचा वरचा थर जळालाय. त्यावरचं जुनं मेण, तेल निघाल्याशिवाय काय टिकणार? आधी शाम्पू आणि नायलॉनच्या ब्रशनं घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये निम्मं पाणी घालून पुसा. बोअरचं जड पाणी तसंच वाळू दिलं तर क्षाराचे डाग नंतर लावायच्या ट्रिम कोटिंगखाली (प्लास्टिकवरचा टिकाऊ संरक्षक थर) अडकतात. हे कोटिंग सावलीतच लावा, पातळ हातानं. जास्तीचं लगेच पुसा, २४ तास पाणी लावू नका. मेच्या ४२ अंशांत उघड्यावर लावलं की पुसायच्या आधीच सुकतं, पट्टे उठतात. आणि प्लास्टिक तापवून काळं करायची ती हीट गन (गरम हवा फेकणारं यंत्र) ठेवा बाजूला! काळेपणा तात्पुरता येतो, हात जरा रेंगाळला की प्लास्टिक वाकडं.