गळतं तिथे भोक नसतं

कोकणातल्या सामायिक घरावरचा हक्क सोडायला चुलतभाऊ हसत हसत तयार झाले, की शहाण्या माणसाने सही करण्याआधी त्या घराच्या आढ्याकडे एकदा मान वर करून बघावं. आमच्याकडे फणसाच्या एका झाडात चार वाटेकरी असतात आणि गडग्यापलीकडच्या हातभर जमिनीसाठी माणसं पिढ्यानपिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. माझे भाऊ मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत वेळेच्या आधी हजर होते. हक्कसोडपत्रावर भराभर सह्या झाल्या, चहा-भज्यांचे पैसेही त्यांनीच दिले. एकाने तर मला मिठी मारली. हा भाऊ सख्ख्या बहिणीच्या लग्नातही कुणाच्या गळ्यात पडला नव्हता.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर माझं नाव चढलं आणि मालवण तालुक्यातल्या त्या घराचा मी एकुलता एक मालक झालो. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, मंगलोरी कौलं, ओटी, पडवी, माजघर आणि मागे न्हाणीघर. फोटोत फार देखणं दिसतं. दुरुस्तीचा माझा पूर्वानुभव डोंबिवलीच्या फ्लॅटमधला. तिथे नळ गळला की आपण वॉचमनला हाक मारायची, वॉचमनने प्लंबरला मारायची आणि प्लंबरने फोन उचलायचा नाही, अशी पद्धत आहे. हत्यारं म्हणाल तर टेस्टर, पक्कड आणि दगड झालेली एम-सील. शिवाय मोबाईलवर बघून ठेवलेले व्हिडिओ होते. त्यातल्या लोकांच्या भिंती सरळ असतात आणि ते पांढरा शर्ट घालून सिमेंट कालवतात.

मृग लागला. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सगळा आपल्या माजघरातच पडावा असा आग्रह मी कधी धरला नव्हता. पण पहिल्याच रात्री पलंगावर, नेमका माझ्या बाजूला, ठिबकायला सुरुवात झाली. सकाळी शिडी लावली, ठिबकत होतं त्याच्या बरोबर वरचं कौल शोधून काढलं. धडधाकट होतं. तरी बदललं. रात्री पुन्हा तिथेच, आणि आता जरा नेमाने.

शेजारचे आबा खळ्यात उभे राहून हे सगळं बघत होते. आमच्या गावात कुणी शिडीवर चढलं की खाली उभं राहायला एक माणूस आपोआप येतो. तो शिडी धरत नाही. आबा म्हणाले, "अरे, गळता थंय भोक नसता. पाणी चलान येता."

आणि खरंच चालत येतं हो! बॅटरी घेऊन माळ्यावर पालथा पडलो तेव्हा दिसलं. पाणी शिरत होतं पार वर, आढ्याच्या जवळ. तिथून ते कौलाच्या पोटाला चिकटून रीपेवर यायचं, रीपेवरून वाशावर, मग वाशाच्या खालच्या अंगाने सावकाश खाली सरकायचं. वाटेत लाकडाला एक गाठ होती. गाठीशी थेंब थांबायचा, फुगायचा, मागच्याची वाट बघायचा आणि दोघे मिळून माझ्या उशीवर उतरायचे. ती गाठ कापून टाकावी असं मला सुचलं होतं. मग पाणी सरळ पुढे जाऊन पडवीत पडलं असतं. ही कल्पना आबांना सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

वर आढ्याशी पोचलो तर तिथे कौलांच्या खाली एक फ्लेक्स. काकांनी कुणा स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचा बॅनर आणून आतून ठोकला होता. नेते हात जोडून खाली बघत होते, आजूबाजूला शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. आपलं वडिलोपार्जित घर असल्या आधारावर उभं राहू नये, एवढा बाणेदारपणा माझ्यात होता. मी तो फ्लेक्स काढला. त्या रात्री कळलं, की आमच्या तालुक्यात त्या नेत्यांनी केलेलं ठोस काम म्हणून दाखवता येईल असं ते एकमेव होतं. आधी एका जागी ठिबकत होतं, आता ओटीपासून देवघरापर्यंत समान पाणीवाटप सुरू झालं. पुढच्या सकाळी नेते पुन्हा आपल्या जागी गेले. फक्त यावेळी उलटे लागले, त्यामुळे झोपताना त्यांचे पाय पुढे दिसतात.

मग प्रश्न कौलांचा. स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या मिशनऱ्यांनी १८६० च्या दशकात मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, पुढे तिकडे आणखी कारखाने निघाले, आणि प्रत्येकाने आपापला साचा केला. कौल उलटं केलं की पोटावर कारखान्याचं नाव उठवलेलं दिसतं. दिसायला सगळी लाल आणि चौकोनी. पण याची खाच त्याच्या कडेत बसेल तर शपथ! आमच्या छपरावर निरनिराळ्या कारखान्यांची कौलं होती आणि बाजारातून आणलेलं नवं कौल त्यांतल्या कुणाशीच पटवून घेईना. गुण जुळले तर गोत्र आडवं, गोत्र जमलं तर उंचीत फरक. मोडलेल्या घरांची जुनी कौलं विकणारे लोक असतात. त्यांच्याकडे मी हातात नमुन्याचं कौल घेऊन मुलीच्या बापाच्या चेहऱ्याने फिरलो. एकेक कौल दोन-अडीच किलोचं असतं, त्यामुळे नकारही जड वाटतो. आबांचं मत, "पत्रे घाल आणि मोकळो हो." हल्ली बरेच जण तेच करतात, वर पत्रा आणि शोभेला कौलं. मी नाही म्हटलं. पावसाचा आवाज कौलांवरच ऐकावा, असं मी त्यांना ऐकवलं. आत बादल्यांतून तो आवाज येतच होता.

भिंतीचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे काही उरलंच नाही. घड्याळ टांगायला सहा मिलिमीटरचं भोक पाडायला गेलो. जांभा दिसायला दगड, पण ड्रिल लागल्याबरोबर त्यातून लाल भुकटी यायला लागली. ड्रिल थांबवलं तरी ती येतच होती. प्लग घातला, तो आत निघून गेला. त्याहून जाडा घातला, तोही त्याच्या सोबतीला गेला. शेवटी त्यात अंगठा जात होता. जुन्या लोकांनी घर बांधतानाच लाकडी खुंट्या का पुरून ठेवल्या, हे तेव्हा लक्षात आलं. आता घड्याळ खुंटीवर, म्हणजे दाराच्या मागे आहे. वेळ बघायची तर दार लावावं लागतं, आणि दार लागत नाही. दाराकडे येतोच.

त्याआधी वीज. लाकडी पट्ट्यांवरची वायरिंग, चिनीमातीचे फ्यूज, काळी गोल बटणं. न्हाणीघराचा दिवा देवघराचं बटण दाबलं तरच लागायचा. आंघोळ केल्याशिवाय देवघरात पाऊल टाकायचं नाही हा शास्त्राचा नियम, आणि देवघरात गेल्याशिवाय न्हाणीघरात उजेड पडणार नाही हा काकांचा. कट्टा गावचा वायरमन आला. बोर्ड उघडला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाला, "ह्या कोणी केल्यान?"

हा प्रश्न प्रत्येक कारागीर विचारतो. गवंडी सुतळ सोडायच्या आधी विचारतो, प्लंबर पाना काढायच्या आधी. आधीच्या माणसाची पुरेशी निंदा झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही, अशी या मंडळींची रीत दिसते. आधीच्या माणसाची बाजू घ्यायला तो तिथे नसतो, हे सोयीचं पडतं. काकांनी घरची बरीच कामं स्वतःच केली होती, त्यामुळे आमच्याकडे सगळी निंदा घरातल्या घरातच राहिली.

आणि दार. पुढचं सागवानी दार पावसात फुगलं आणि अर्ध्यात अडकलं. ना आत, ना बाहेर. पाहुण्यांनी आडवं होऊन आत यायचं. सुताराला फोन केला. "येतंय मा," तो म्हणाला. कोकणात ‘येतंय’ हे क्रियापद आहे, त्याला काळ नाही. गणपतीच्या आधी त्याला मखरांची कामं, गणपतीत भजनं, मग भातकापणी, आणि कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की तो दशावतारात राक्षसाचं काम करतो. रात्रभर देवाशी युद्ध, दिवसभर झोप. एका जत्रेत मी त्याला प्रत्यक्ष गाठला, पण तो तलवार घेऊन होता.

शेवटी एका दुपारी आपणहून उगवला. दार बघितलं, ढकललं, थोपटलं. "आता सुकला असा. रंधो मारलो तर उन्हाळ्यात फटीतसून मांजर भायर जायत. ऱ्हवांदे." दार खरंच लागत होतं. इतक्या दिवसांत ते कधी सुकलं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मग त्याने सवयीने मान वर केली आणि बराच वेळ तशीच ठेवली. वर माझी कौलं होती, त्यांच्यातल्या फटींत मी भरलेलं सिमेंट होतं आणि उलटे नेते होते.

"ह्या कोणी केल्यान?"

बायकोला एकदम स्वयंपाकघरात काम निघालं.

"होता एक जण," मी म्हटलं.

"मुंबयसून इललो?"

"तिकडचाच."

"मेल्यान वाट लावल्यान सगळी. पैशे किती घेतल्यान?"

"पैसे नाही घेतले त्याने."

सुतार विचारात पडला. मग खिशातून मोबाईल काढत म्हणाला, "नंबर असलो तर द्या. आमच्या मेवण्याच्या घराचा काम असा, तेका असोच फुकटातलो माणूस व्हयो."