एचबी

बँकेच्या लेखी परीक्षेचं कॉल लेटर आलं ते पप्पांनी आधी वाचलं. तेव्हा या परीक्षा कॉम्प्युटरवर गेल्या नव्हत्या, उत्तरपत्रिकेवर पेन्सिलीनं गोल काळे करायचे आणि ते मशीननं तपासायचे दिवस होते. सगळा मजकूर एका दमात संपवून पप्पा एका ओळीवर बोट ठेवून थांबले. सोबत एचबी पेन्सिली, खोडरबर आणि गिरमिट आणावं, अशा अर्थाची ती ओळ होती.

"एचबी म्हणजे नेमकं काय गं?"

"पेन्सिलच की. आणतो संध्याकाळी." (कोल्हापूरच्या मुली 'आणतो'च म्हणतात. पुण्याच्या वाचकांनी पुढं सरकावं.)

इथंच विषय संपायला हवा होता. पण आमच्या मंगळवार पेठेत विषय असा संपत नाही. कट्ट्यावर बातमी गेली आणि रात्री जेवणापर्यंत मला चार सल्लागार लाभले. शेजारचे सुतारकाका म्हणाले, त्यांची चपटी पेन्सिल घेऊन जा, बाकावरून गडगडत नाही. चुलतभाऊ म्हणाला, टू-बी घे, काळीभोर उठते, मशीनला लांबनं दिसते. गल्लीतल्या चित्रकार मामांनी तर सिक्स-बी काढून हातातच दिली. बाबूराव पेंटरांचं गाव आमचं. कलापूर म्हणवून घेणाऱ्या शहरात दर दोन घरांआड एक चित्रकार निघतो आणि त्याला पेन्सिलीबद्दल मत असतं. सिक्स-बीनं मी एक गोल भरून बघितला. गोल झकास भरला, शेजारचे तीनही थोडे थोडे भरले आणि माझी करंगळी म्हशीच्या रंगाची झाली.

महाद्वार रोडवरच्या स्टेशनरीवाल्यानं मग शिकवणी घेतली. एच म्हणजे हार्ड, बी म्हणजे ब्लॅक, एचबी म्हणजे मधली. ग्रॅफाइट वाढवलं की मऊ आणि काळी, चिकणमाती वाढवली की कडक आणि फिकट. शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, हे त्यानं असं सांगितलं की पांढऱ्या रश्श्यात मटण नसतं म्हटल्यासारखं पप्पांचं तोंड झालं. "पांढऱ्या आणि तांबड्याच्या मधला काढा की एखादा," पप्पा म्हणाले. त्यानं गुमान एचबीचं डझन काढलं. दोन हव्या होत्या. पप्पांनी डझन घेतलं. मशीनच्या पुढं इज्जतीचा प्रश्न होता.

हे मशीन कसं बघतं, ते मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. मिशिगनचा एक शाळामास्तर, रेनॉल्ड जॉन्सन. लहानपणी बहिणींना फिरायला न्यायला येणाऱ्या पोरांच्या गाड्यांच्या स्पार्क प्लगवर हा पेन्सिलीच्या रेघा ओढून ठेवायचा. ग्रॅफाइटमधून वीज जाते, त्यामुळे ठिणगी वाट चुकायची आणि गाडी चालूच व्हायची नाही. त्याच खोडीवर त्यानं पुढं 1930च्या दशकात पेपर तपासायचं यंत्र उभं केलं: खुणेतून वीज गेली की उत्तर दिलंय. नंतरची यंत्रं उजेडानं बघू लागली. कागदावर काळं कुठं, एवढंच त्यांना कळतं. म्हणजे माझ्या नोकरीचा रस्ता एका आगाऊ भावानं अडवून ठेवला होता. आमच्या पेठेतही असे भाऊ होते, पण त्यांची मजल टायरमधली हवा सोडण्यापलीकडं गेली नाही.

आदल्या रात्री पप्पांनी बाराच्या बारा पेन्सिलींना टोकं काढली. भाल्यासारखी. तीच चूक झाली. टोकदार पेन्सिलीनं गोल भरत नाही, नुसता ओरखडतो. आधी रद्दीवर घासून टोक बोथट करायला हवं. हे मला हॉलमध्ये, पहिला प्रश्न सुटल्यावर कळलं. पाच पर्यायांतला तिसरा गोल, मी दाबलं, टोक कटकन मोडलं. दुसरी घेतली, तिचंही. शेजारचा पोरगा पेन्सिलीचा एक बोथट तुकडा घेऊन आला होता आणि शेतात पाणी पाजल्यासारखा निवांत एकेक गोल भरत चालला होता. मी तिसरी पेन्सिल बाकावरच घासायला लागले. पर्यवेक्षिका बाई जवळ येऊन बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

निकालात माझा नंबर नव्हता. घरात कुणी विचारलं नाही की प्रश्न किती सुटले. पप्पांनीच निकाल लावला: "काळं कमी पडलं. मशीनला दिसलं नाही."

गणिताचे निम्मे गोल मी डोळे मिटून भरले होते. मी मान खाली घालून म्हटलं, "व्हय. जरा फिकटच उठत हुतं."

उरलेल्या पेन्सिली आईनं दुधाच्या खाड्याला लावल्या. गवळी आला नाही की कॅलेंडरवर फुली. वर्षभर पप्पा चहा पिताना त्या फुल्यांकडं बघायचे.

"ही बघ," म्हणायचे, "किती काळी उठलीया."