कार्लो आन्चेलॉत्ती यांच्याविषयी फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

इटलीचे कार्लो आन्चेलॉत्ती हे १९८२ च्या विश्वविजेत्या संघात होते, तसेच खेळाडू आणि प्रशिक्षक या दोन्ही नात्यांनी युरोपियन करंडक (युरोपातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, आजची चॅम्पियन्स लीग) जिंकणारे ते एकमेव आहेत, असा संदेश फुटबॉलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

गुडघ्याच्या गंभीर दुखापतीमुळे ते १९८२ च्या स्पर्धेला मुकले. विजेत्या इटलीच्या २२ खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. विश्वचषकात ते प्रत्यक्ष खेळले ते १९९० साली, मायदेशात, आणि तेव्हा इटली तिसरी आली.

दुसरा दावा अंतिम सामन्यांच्या नोंदींशी ताडून पाहिला की टिकत नाही. मिलानचे खेळाडू म्हणून त्यांनी १९८९ व १९९० मध्ये हा करंडक जिंकला हे खरे. परंतु रेआल माद्रिदचे मिगेल मुन्योस यांनी खेळाडू म्हणून १९५६ व १९५७ मध्ये मिळवलेला करंडक १९६० मध्येच प्रशिक्षक म्हणूनही जिंकला होता. इतकेच नव्हे, तर १९६३ व १९६९ मध्ये मिलानकडून आणि १९८५ मध्ये युव्हेंटसचे प्रशिक्षक म्हणून विजेते ठरलेल्या जोव्हान्नी त्रापात्तोनी यांच्यामुळे आन्चेलॉत्ती पहिले इटालियनही ठरत नाहीत. क्रायफ, रायकार्ड, ग्वार्दिओला आणि झिदान यांचीही नावे या यादीत आहेत.

वास्तविक त्यांना खोट्या विक्रमाची गरजच नाही. प्रशिक्षक म्हणून पाच वेळा (२००३, २००७, २०१४, २०२२, २०२४) हा करंडक जिंकणारे, तसेच इटली, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी व स्पेन या पाचही देशांत लीग विजेतेपद मिळवणारे ते खरोखरच एकमेव आहेत.

तरी तो संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांनी पाठवला असेल त्यांनी त्याच गटात ही दुरुस्ती द्यावी.