मार्चअखेरचे गुडघे

सत्तरी ओलांडलेल्या माणसाविषयी, भर सभागृहात आणि निम्म्या नौपाड्याच्या देखत, "हे आजोबा जिवंत दाखवत नाहीयेत," असे एका विशीतल्या मुलीने मोठ्याने जाहीर केले, तर त्या माणसाने नेमके काय करावे याचे मार्गदर्शन शासनाच्या कोणत्याही परिपत्रकात नाही. गेल्या रविवारी ठाण्यात, पाचपाखाडीला भरलेल्या आयुष्मान वय वंदना कार्डाच्या, म्हणजे सत्तरी ओलांडलेल्यांना रुग्णालयात वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत देणाऱ्या सरकारी कार्डाच्या, शिबिरात हे माझ्याविषयी बोलले गेले. बोलणारीच्या मनात काडीचाही दुष्टावा नव्हता, हे मला मान्य आहे. मोबाइलच्या पडद्यावर जे उमटत होते तेच ती पलीकडच्या टेबलावरच्या मुलाला कळवत होती. तरीही ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाही.

या कार्डासाठी आधार एवढाच कागद लागतो, पण आधारची ओळख पटवावी लागते. बोटांचे ठसे उमटेनात, कारण ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यात यंत्रे पुसण्यात माझ्या बोटांवरच्या बऱ्याच रेषा पुसल्या गेल्या आहेत आणि उरलेल्या वयाने नेल्या आहेत. ओटीपी ज्या क्रमांकावर जातो तो क्रमांक मुलगा बंगळुरूला जाताना सोबत घेऊन गेला आणि रविवारी दुपारी बारापर्यंत तो झोपतो. उरला चेहरा. समोर मोबाइल धरतात आणि पुढे माणूस आहे की माणसाचा फोटो, हे कळावे म्हणून पापण्या मिटायला सांगतात. मी मिटल्या. यंत्राच्या मते मी फोटोच होतो.

"आजोबा, नीट मिचकवा ना."

"मिचकावतोच आहे."

"अहो, एवढे घट्ट नको. नेहमी मिचकावता तसे."

नेहमी मी कसे मिचकावतो हे मला कसे ठाऊक असणार? जन्मल्यापासून जी क्रिया लक्ष न देता बिनचूक पार पडत आली, ती लक्ष देऊन करू गेल्यावर बिघडते. शिवाय पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी याच चेहऱ्याने, याच पापण्यांनी, घरबसल्या मोबाइलवर मी हयात असल्याचे नुकतेच सिद्ध केले होते. ती पेन्शन भविष्य निर्वाह निधी खात्याच्या ईपीएस-९५ या योजनेतली आहे, जिची किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १,००० रुपयांवर थांबलेली आहे. माझी त्याहून थोडी अधिक आहे, परंतु तेवढ्या पैशांत मला जिवंत धरायला ते खाते बिनतक्रार तयार झाले आणि ५ लाखांचा विषय निघताच यंत्राला शंका आली, ही बाब मला सूचक वाटते.

"तुम्ही जरा बाजूला बसा, डोळ्यांना आराम द्या," असे सांगून तिने मला भिंतीलगतच्या खुर्चीवर बसवले, आणि तिथे मी लॅमिनेशनवाल्यांच्या तावडीत सापडलो.

त्यांचे खरे नाव मी विचारले नाही. मांडीवर जाडजूड फाइल, शेजारी कापडी पिशवी घेतलेली पत्नी आणि चेहऱ्यावर सार्वजनिक बांधकाम खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झालेल्या माणसाची ती विशिष्ट शांतता, जी समोरच्याचे बिल अडलेले असताना येते. फाइलमधला प्रत्येक कागद लॅमिनेट केलेला होता: आधार, शिधापत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, लशीची प्रमाणपत्रे. एक पान मात्र संपूर्ण काळेकुट्ट होते.

"हे काय?" मी विचारले.

"माझा ईसीजी. त्या कागदावरची शाई उडते हो दोन वर्षांत, म्हणून लॅमिनेट करून घेतला. मशीनच्या गरमीने काळा पडला जरा."

"मग यात दिसते काय?"

"नॉर्मल होता," ते म्हणाले आणि पान उलटले.

नंतर त्यांनी माझ्या डोळ्यांची चौकशी केली. दोन्ही मोतीबिंदू काढून झाले आहेत, पदरच्या पैशांनी, असे मी सांगताच त्यांनी फार जुनी आणि फार टाळता येण्याजोगी दुर्घटना ऐकल्याप्रमाणे मान हलवली. "चुकलात. थांबायला हवे होते." माणसाने मोतीबिंदू पिकवत, भिंतीला धरून, शासन निर्णयाची वाट पाहावी, असे त्यांचे म्हणणे होते. या अपेक्षेत काही गैर आहे असे त्यांना वाटत नव्हते, कारण त्यांचे गुडघे त्यांनी तसेच राखून ठेवले होते.

"पाच लाख आहेत," ते आवाज खाली आणून म्हणाले. "दर वर्षी. पण खर्च नाही केले की व्यपगत. मार्चअखेर जवळ आलाय, साहेब."

मग त्यांनी फाइलच्या तळातून एक कागद काढला, जो लॅमिनेट केलेला नव्हता, कारण त्यात अजून दुरुस्त्या चालू होत्या. खात्यातल्या सुवाच्य अक्षरात त्यावर शीर्षनिहाय तरतूद मांडली होती. गुडघा (उजवा), चालू वर्ष. गुडघा (डावा), पुढील वर्ष. हर्निया, निधी शिल्लक राहिल्यास. प्रोस्टेट, प्रस्तावित. आणि सगळ्यांत खाली, एका ओळीत: सौ., संकीर्ण.

"मला दात करून घ्यायचेत," संकीर्ण प्रथमच बोलल्या.

"दात तुझ्या शीर्षात बसव."

"आणि माझा गुडघा?"

"तुझा कुठला?"

"डावा."

"डाव्याची तरतूद पुढच्या वर्षी आहे, पण ती माझ्या डाव्याची आहे."

ही मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र नाही, एका कुटुंबातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना ती वाटून घ्यावी लागते, हे त्यांना पक्के माहीत होते. किंबहुना या योजनेविषयी त्यांना बिनचूक माहीत असलेली ती एकच गोष्ट होती आणि तिचा उपयोग त्यांनी संसारात आपले पारडे जड ठेवण्यासाठी केला होता. मी न राहवून बोललो. म्हटले, अहो, हे अनुदान नव्हे. पैसे आपल्या हातात कुणी देत नाही. योजनेत असलेल्या रुग्णालयात दाखल झालात आणि तो उपचार त्यांच्या यादीत असला, तर ठरलेल्या दराने ते रुग्णालयाला मिळतात. दाखल झालो नाही तर आपले काही बुडत नाही. आणि कवळी बसवायला कुणी दाखल होत नाही, त्यामुळे वहिनींचे दात कुठल्याच शीर्षात बसणार नाहीत.

"तत्त्वतः तुमचे बरोबर आहे," ते म्हणाले. सरकारी नोकरीत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना ठाऊक असेल, की यानंतर तुमचे काहीही बरोबर उरत नाही. तोवर आमच्या रांगेतल्या खुर्च्या आपसूक त्यांच्याकडे वळल्या होत्या. एकांनी आपल्या मणक्याची माहिती दिली. कोपरीच्या एका गृहस्थांनी साताऱ्याच्या मेहुण्याला आपल्या कुटुंबात दाखवता येईल का, असे विचारले. एका बाईंनी तर दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशनाविना बरे झालेले दुखणे आठवून हळहळ व्यक्त केली. मी खरी माहिती सांगत होतो आणि माझ्याकडे कुणी पाहतही नव्हते, ते खोटी सांगत होते आणि टेबलावरची ती मुलगीसुद्धा मध्येच उठून "काका, ईएसआयवाल्यांना चालते का हो हे?" असे त्यांनाच विचारून गेली. चालते, कामगार राज्य विमा असलेल्यांनाही. ते मी सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि मगच तिचा विश्वास बसला.

लोकांना हसणे सोपे आहे, पण दोष पूर्णपणे लोकांचा नाही. या देशात माणूस म्हातारा केव्हा होतो, हे तुम्ही कोणत्या खिडकीसमोर उभे आहात यावर ठरते. प्राप्तिकरासाठी मी साठाव्या वर्षी ज्येष्ठ झालो आणि ऐंशीला अतिज्येष्ठ होईन. एसटीत पासष्टला अर्धे तिकीट लागते आणि पंचाहत्तरला ते माफ होते. रेल्वेत पुरुषांना साठाव्या वर्षापासून ४० टक्के सवलत होती. ती मार्च २०२० मध्ये करोनाचे कारण देऊन थांबवली, करोना गेला आणि सवलत परत आली नाही. राज्याची जीवनदायी योजना २०१२ च्या जुलैत ८ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा त्यांत मुंबई होती, रायगड होता, मधले ठाणे नव्हते. आज तीच महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते आणि तिची दीड लाखाची मर्यादाही आता ५ लाख झाली आहे. केंद्राने ११ सप्टेंबर २०२४ रोजी उत्पन्नाची अट काढून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारतात घेतले आणि २९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, हे कार्ड सुरू झाले. कोणती योजना कुठे संपते आणि कोणती कुठून सुरू होते हे सांगायला आरोग्यमित्र नेमलेले असतात, परंतु त्यांची गाठ रुग्णालयातच पडते आणि तिथे पोहोचेपर्यंत चौकशीची वेळ टळलेली असते. अशा वेळी ज्याच्याकडे फाइल जाड, त्याचे म्हणणे खरे.

आमच्या पिढीत वयाची भानगड आणखी निराळी आहे. त्या सभागृहात जमलेल्यांपैकी कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून होती, कारण शाळेत नाव घालायला नेले की हेडमास्तर तीच लिहीत. आमच्या शेजाऱ्यांच्या वडिलांनी तर, पुढे नोकरी दोन वर्षे अधिक मिळावी म्हणून, मुलाचे वय दोन वर्षांनी कमी लावले होते. नोकरी मिळाली, ती दोन वर्षेही मिळाली. आता ते एकाहत्तरीचे आहेत, आधारवर एकोणसत्तरीचे, आणि पायऱ्या चढून आल्यामुळे धापा टाकत "तुम्ही पुढच्या वर्षी या" हे ऐकून परत पायऱ्या उतरले.

माझी खरी तक्रार मात्र वेगळीच आहे, आणि ती ऐकवण्यासारखे टेबल त्या सभागृहात नव्हते. मला रुग्णालयात दाखल व्हायचेच नाही. माझा महिन्याचा खर्च रक्तदाबाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, दर तिमाहीची रक्ततपासणी आणि डॉक्टरांची फी असा आहे. यांतली एक पट्टीही या कार्डावर मिळत नाही. दाखल होण्याआधीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्या औषधांची सोय आहे; म्हणजे गोळ्या फुकट हव्या असतील तर आधी गोळ्या बंद करून झीट येऊन पडले पाहिजे. ऐपत आहे तोवर खासगी विमाही सोडवत नाही. दोन वर्षांत त्याचा हप्ता असा वाढला की नियामकालाच जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांचा हप्ता परस्पर वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवू नका, असे कंपन्यांना बजावावे लागले. मग त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. मी आनंदाने एजंटला फोन लावला, तर तो म्हणाला, "काका, अठरा गेले, दहा वाढले, तुम्ही आठ टक्के फायद्यात आहात." पुढच्या वर्षी जायला जीएसटी उरलेला नाही, दहा मात्र पुन्हा वाढू शकतात, हे त्याने सांगितले नाही. घराजवळच्या एका रुग्णालयात मी मुद्दाम चौकशी केली. योजनेत आहोत, पण तुम्ही म्हणता त्या विभागासाठी नाही, असे स्वागतकक्षातल्या मुलीने सांगितले आणि मग माझ्याकडे एकवार पाहून विचारले, "मेडिक्लेम नाहीये का?" ज्या स्वरात तिने हे विचारले तो स्वर मला अंगावरच्या फाटक्या सदऱ्याची आठवण करून देऊन गेला, आणि मी तर इस्त्रीचा घालून गेलो होतो.

असो. मला पुन्हा टेबलावर बोलावले तेव्हा लॅमिनेशनवाले मागून आले आणि माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत त्या मुलीला म्हणाले, "यांचे मोतीबिंदू झालेत ना, त्यामुळे घेत नसेल. मी म्हटलेच यांना, घाई केलीत." मी संतापून त्यांच्याकडे वळता वळता माझी पापणी लवली आणि यंत्राने मला तत्काळ जिवंत मानले.

कार्ड मिळाले. जाताना त्यांनी माझा क्रमांक मागून घेतला आणि मी तो, चारचौघांत नाही कसे म्हणावे म्हणून, दिला. तेव्हापासून ते सकाळी नियमाने फोन करतात. काल त्यांनी फार आस्थेने विचारले, की चालू वर्षात माझा काही ऑपरेशनाचा विचार आहे का. नाही म्हणालो. मग घरच्यांचा? तोही नाही म्हणालो. पलीकडे क्षणभर कागद चाळल्याचा आवाज आला.

"मग असे करा," ते म्हणाले, "तुमची तरतूद माझ्या डाव्या गुडघ्याकडे वळती करण्याबाबत पुनर्विनियोजनाचा एक साधा अर्ज द्या. मसुदा मी करून ठेवलाय, तुमची फक्त सही लागेल."

मागून त्यांच्या पत्नीचा आवाज स्पष्ट ऐकू आला: "डावा माझा म्हणून लिहा."